कार्बोनिल मेंदूत झालं की टेबलावर?

अल्झायमर झालेल्या मेंदूत प्रथिनं ऑक्सिडेशनने खराब झालेली असतात, हे १९९१ पासून छापील आहे. त्या वर्षी पीएनएएस या अमेरिकी नियतकालिकात एक शोधनिबंध आला. वृद्ध आणि अल्झायमरग्रस्त मेंदूंमध्ये प्रथिनांवरचे कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध असलेले, ऑक्सिडेशनची खूण) वाढलेले आणि ग्लुटामिन सिंथेटेज या एन्झाइमचं काम घटलेलं, असं त्यात दाखवलं होतं. मग पुढचा प्रश्न आलाच: नेमकी कोणती प्रथिनं? त्याचं उत्तर २००२ पासून केंटकी विद्यापीठातल्या ॲलन बटरफील्ड यांच्या गटाने द्यायला सुरुवात केली आणि ऑक्सिडेशन झालेली प्रथिनं एकेक करून ओळखण्याच्या या पद्धतीला रेडॉक्स प्रोटिओमिक्स हे नाव रुळलं. क्रिएटिन कायनेज बीबी, ग्लुटामिन सिंथेटेज आणि यूसीएच-एल१ ही पहिल्या यादीतली नावं. अल्फा-एनोलेज, डीआरपी-२ आणि एचएससी-७१ ही त्याच वर्षी पाठोपाठ आली.

याद्या कुठेही वाचायला मिळतात. यादीपर्यंत पोचताना काय काय बिघडतं, ते मात्र क्वचितच सविस्तर लिहिलेलं सापडतं. मेंदूचा तुकडा फ्रीझरमधून बाहेर आल्यापासून प्रथिनं वेगळी करणारं जेल रंगवेपर्यंत प्रत्येक पायरीवर प्रथिनाचं नवं ऑक्सिडेशन होऊ शकतं. ब्लॉटवर, म्हणजे जेलमधली प्रथिनं उतरवून घेतलेल्या पटलावर, उठलेला काळा डाग ते आजारात झालं की आपल्या हातून, हे सांगत नाही. या कामातली बहुतेक मेहनत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यातच जाते, आणि तिथे कसूर झाली तर पुढचा, रेणूंच्या वस्तुमानावरून प्रथिन ओळखणारा, कितीही महागडा मास स्पेक्ट्रोमीटर उपयोगी पडत नाही.

रसायन थोडक्यात. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २%, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरतं त्यातला सुमारे २०% ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो. त्याच्या पेशीपटलांत बहुअसंतृप्त मेदाम्लं ठासून भरलेली, लोह आणि तांबं हाताशी, आणि कॅटलेजसारखं संरक्षक एन्झाइम यकृताच्या मानाने फारच कमी. लायसिन, अर्जिनिन, प्रोलिन, थ्रिओनिन यांच्या शाखांवर धातूच्या मदतीने ऑक्सिडेशन झालं की तिथे कार्बोनिल गट तयार होतो. दुसरी वाट मेदाची: ओमेगा-६ मेदाम्लं तुटून ४-हायड्रॉक्सिनोनेनाल, म्हणजे एचएनई, तयार होतं आणि ते सिस्टीन, हिस्टिडीन किंवा लायसिनला चिकटतं. चिकटल्यावरही त्याचा आल्डिहाइड गट मोकळा राहतो, म्हणून कार्बोनिलच्या चाचणीत तेही मोजलं जातं. तिसरा प्रकार म्हणजे पेरॉक्सिनायट्राइटमुळे टायरोसिनवर बसणारा नायट्रो गट. कार्बोनिल निवडायचं मुख्य कारण असं की पेशी ते परत दुरुस्त करत नाही. असं प्रथिन एकतर मोडीत निघतं किंवा साचतं. सिस्टीनच्या थायोल गटांचं तसं नसतं. शेवटच्या तासांत श्वास कमी पडला तरी त्यांची अवस्था बदलते. म्हणून मृत्यूनंतर गोळा केलेल्या ऊतींत थायोलच्या आकड्यांवर माझा भरवसा कमी. कार्बोनिल, एचएनई आणि नायट्रोटायरोसिन त्या मानाने टिकाऊ साक्षीदार.

ऊती

मृत्यू ते गोठवण यातला काळ हा पहिला आकडा विचारावा. केंटकीच्या सँडर्स-ब्राउन केंद्राची खासियत हीच की तिथे शवविच्छेदन चार तासांच्या आत होतं. भारतात बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूची पेढी आहे, आणि आपल्याकडच्या अभ्यासकाला मानवी ऊती हवी असेल तर तिथेच आधी चौकशी करावी. कायदेशीर शवविच्छेदनातून आलेल्या नमुन्यात चार तास सहज उलटलेले असतात. म्हणून तो नमुना टाकून द्यायचा असं नाही, पण मग आजारी आणि निरोगी अशा दोन्ही गटांत हा काळ सारखाच हवा. एक गट सरासरी तीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांचा असेल, तर तुम्ही अल्झायमर मोजत नाही, उशीर मोजताय. वयाचंही तसंच, कारण कार्बोनिल निरोगी म्हातारपणातही वाढतं. शेवटचे दिवस व्हेंटिलेटरवर गेले का, ताप किती होता, मेंदूच्या ऊतीचा पीएच किती भरला, ही माहिती नोंदीत नसेल तर मागून घ्यावी.

भाग निवडताना हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) आणि खालचा पार्श्विक (पॅरायटल) खंड हे अल्झायमरमध्ये जास्त पोळलेले भाग घेतात. सोबत त्याच व्यक्तीचा अनुमस्तिष्क (लहान मेंदू) जरूर घ्यावा. अल्झायमरमध्ये तो बराचसा वाचतो, आणि म्हणूनच तो घरातलाच पंच ठरतो. हिप्पोकॅम्पसइतकंच कार्बोनिल अनुमस्तिष्कातही वाढलेलं दिसलं, तर आधी फ्रीझरच्या तापमानाची नोंद काढून बघा. एकदा वितळून परत गोठलेला तुकडा बाहेरून अगदी नेहमीसारखा दिसतो.

तुकडा वितळू न देता, कोरड्या बर्फावरच, ५० ते १०० मिलिग्रॅम कापायचा. दिसेल तेवढं रक्त आणि मेंदूची आवरणं तिथेच काढून टाकायची. रक्ताचा त्रास दुहेरी असतो. हिमोग्लोबिनचा हीम गट ४०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि कार्बोनिलच्या ३७० नॅनोमीटरवरच्या आपल्या मोजणीत घुसतो. शिवाय हीममधलं लोह स्वतःच ऑक्सिडेशन घडवतं.

बफर बर्फासारखं थंड: १० मिलीमोलर हेपीस, पीएच ७.४, त्यात क्षार आणि प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) रोखणारं मिश्रण. ट्रिस टाळलेलं बरं, कारण त्याचा अमाइन गट आल्डिहाइडशी जोडी जमवतो. धातू बांधून ठेवायला बहुतेकजण सवयीने ईडीटीए टाकतात. इथे डीटीपीए घ्यावं, कारण ईडीटीएने बांधलेलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी तरीही अभिक्रिया करत राहतं. एचएनई मोजायचं असेल तर बीएचटी हे मेदाचं ऑक्सिडेशन थांबवणारं द्रव्यही याच क्षणी घालायचं, नाहीतर घोटताना नवं एचएनई बनतं. काचेच्या होमोजनायझरमध्ये हाताने घोटणं हे सोनिकेटरपेक्षा केव्हाही सुरक्षित. सोनिकेटर लागलाच तर नळी बर्फात, कमी शक्ती, दहा-दहा सेकंदांचे ठोके आणि मधे विश्रांती. फेस आला की थांबायचं, कारण फेस म्हणजे द्रावणात हवा मिसळली. सोनिकेटरच्या बुडबुड्यांतून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, म्हणजे जे मोजायचं तेच आपण बनवतोय.

न्यूक्लिक आम्लं हा आणखी एक चोर. डीएनएवरही कार्बोनिल असतं आणि कार्बोनिल मोजायला वापरायचं डीएनपीएच त्याच्याशी तितक्याच आनंदाने अभिक्रिया करतं. २८० आणि २६० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर १ पेक्षा कमी आलं, तर १% स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट घालून पंधरा मिनिटं थांबायचं आणि सेंट्रिफ्यूज करून साका टाकून द्यायचा. मेंदूच्या अर्कात ही पायरी मी ऐच्छिक मानत नाही.

डीएनपीएच

डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन, म्हणजे डीएनपीएच, कार्बोनिलशी जोडून पिवळं-नारिंगी हायड्रॅझोन बनवतं. द्रावण १० मिलीमोलर, २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात. रेणुभार १९८.१४, म्हणून १०० मिलिलीटरला १९८ मिलिग्रॅम, असा हिशेब वहीत लिहिलेला असतो आणि तो चुकतो. कोरडं डीएनपीएच स्फोटक असल्याने बाटलीत ते पाण्याने ओलं करून विकतात. पाण्याचं प्रमाण बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या आसपास असतं आणि लेबलवर दिलेलं असतं. ३०% पाणी असेल तर १०० मिलिलीटरला सुमारे २८३ मिलिग्रॅम घ्यावे लागतात. हीच चूक राहिली तर द्रावण ७ मिलीमोलर होतं आणि जास्त कार्बोनिल असलेल्या नमुन्यात, म्हणजे नेमक्या आजारी मेंदूत, आकडा कमी येतो. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत सुके स्फटिक दिसले तर ती उघडू नये, सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवावं. द्रावण रात्रभर ढवळायचं, गाळायचं आणि गडद बाटलीत ठेवायचं.

एकूण कार्बोनिल मोजायला प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या, प्रत्येकी अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रथिन. एकीत डीएनपीएच, दुसरीत फक्त २ नॉर्मल आम्ल. अंधारात एक तास, दर दहा-पंधरा मिनिटांनी हलवायचं. मग ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने, शेवटचं प्रमाण २०% धरून, प्रथिन खाली बसवायचं. बर्फात दहा मिनिटं, सेंट्रिफ्यूज, आणि साका इथेनॉल-इथाइल ॲसिटेटच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाने तीनदा धुवायचा. हे धुणं म्हणजे उरकून टाकायचं काम नव्हे. मोकळं डीएनपीएच आणि मेद दोन्ही इथेच निघतात, आणि मेंदूत मेद भरपूर. तिसऱ्या धुण्यानंतरही वरचं द्रव पिवळसर असेल तर चौथं धुणं करावं. प्रत्येक वेळी साका पिपेटच्या टोकाने फोडायचा, नाहीतर आतलं डीएनपीएच आतच अडकतं. साका अति वाळवायचा नाही. खडखडीत वाळला की तो ६ मोलर ग्वानिडिनमध्येही पूर्ण विरघळत नाही, मग गढूळपणामुळे शोषण वाढतं आणि ते कार्बोनिल म्हणून मोजलं जातं. ३७ अंशांवर पंधरा मिनिटं, तरीही उरलेले कण सेंट्रिफ्यूजने खाली बसवून फक्त वरचं द्रव मोजायचं.

आता हिशेब. ३७० नॅनोमीटरवर हायड्रॅझोनचा मोलर शोषणांक २२,०००. समजा दोन नळ्यांतला फरक ०.०४४ आला. भागिले २२,०००, म्हणजे २ मायक्रोमोलर, म्हणजेच मिलिलीटरमागे २ नॅनोमोल. त्या नळीत प्रथिन मिलिलीटरमागे १ मिलिग्रॅम असेल तर उत्तर आलं २ नॅनोमोल प्रति मिलिग्रॅम. पण ते १ मिलिग्रॅम सुरुवातीचं धरू नका. धुताना प्रथिन वाया जातं, आणि प्रत्येक नमुन्यात वेगवेगळं जातं. म्हणून आम्लाच्या जोडनळीत शेवटी उरलेलं प्रथिन मोजून त्याने भागायचं.

या आकड्याचा अर्थही नीट लावायला हवा. ५० किलोडाल्टनचं प्रथिन १ मिलिग्रॅममध्ये २० नॅनोमोल असतं. म्हणजे २ नॅनोमोल कार्बोनिल म्हणजे सरासरी दर दहा रेणूंमागे एक गट. एका रेणूला एकच गट धरला तरी दहातले नऊ रेणू शाबूत आहेत. सरासरीच्या पोटात काही प्रथिनं खूप जास्त पोळलेली असतात, काही जवळपास कोरी. ती कोणती, यासाठीच जेल लागतं.

जेल, ब्लॉट आणि भागाकार

ब्लॉटसाठी डीएनपीएचची वेळ वेगळी: १५ ते २० मिनिटं, एक तास नाही. जास्त वेळ ठेवलं तर आडव्यातिडव्या अभिक्रिया वाढतात आणि पार्श्वभूमी काळवंडते. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग. एकाला डीएनपीएच आणि तो ब्लॉटकडे, दुसऱ्याला फक्त आम्ल आणि तो रंगवण्याच्या जेलकडे. तिसरा, एखाद्याच नमुन्याचा भाग सोडियम बोरोहायड्राइडने आधी क्षपण करून घ्यावा. त्यात कार्बोनिल उरत नाही, म्हणून त्या ब्लॉटवर जो डाग तरीही उठतो तो खोटा.

आम्ल आणि क्षार धुऊन काढल्यावर नमुना ८ मोलर युरिया, २ मोलर थायोयुरिया, २% चॅप्स, थोडे ॲम्फोलाइट आणि ५० मिलीमोलर डीटीटीमध्ये (हे सिस्टीनच्या जोड्या सोडवून ठेवतं) विरघळवतात. प्रथिनं आधी विद्युतभारानुसार वेगळी करतात, त्यासाठीच्या ११ सेंटिमीटरच्या, पीएच ३ ते १० च्या पट्टीला २०० मायक्रोलीटरमध्ये १५० ते २०० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरतं. रात्रभर ५० व्होल्टवर भिजवायचं, मग पायरीपायरीने ८,००० व्होल्टपर्यंत, एकूण ३० ते ४० हजार व्होल्ट-तास. व्होल्टेज ८,००० ला पोचतच नसेल तर क्षार उरलेत. पहिल्या काही तासांत इलेक्ट्रोडखालचे ओले कागद बदलले की बरंच सुधारतं. त्यानेही भागलं नाही तर नमुना परत अवक्षेपित करावा, आडव्या रेघांच्या जेलवर वेळ घालवू नये. अल्कधर्मी टोकाला रेघा येणं वेगळ्या कारणाने होतं: डीटीटी दुर्बल आम्ल असल्याने विद्युतक्षेत्रात तिथून सरकून जातं आणि सिस्टीन पुन्हा जोड्या लावतात.

युरिया गरम करू नये, ही सूचना प्रत्येक पत्रकात असते आणि घाईत ती मोडली जाते. गरम युरियातून सायनेट बनतं, ते लायसिनला चिकटतं, वस्तुमान ४३ ने वाढतं आणि प्रथिन आम्ल बाजूला सरकतं. एका स्पॉटच्या जागी चार-पाच स्पॉटांची माळ दिसायला लागते, आणि आजारातलं ऑक्सिडेशनही नेमकी तशीच माळ दाखवू शकतं. माळ निरोगी नमुन्यातही तेवढीच ठळक असेल तर आधी युरियाची बाटली बदला.

पट्टी प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ठेवण्याआधी एसडीएस-ग्लिसरॉलच्या बफरमध्ये आधी डीटीटी, मग अंधारात आयोडोॲसिटामाइड, दहा-दहा मिनिटं. जेल आदल्या दिवशी ओतून ठेवावं. ताज्या जेलमधलं उरलेलं पर्सल्फेट मिथिओनिनला ऑक्सिजन जोडतं. एक जेल सायप्रो रुबी या सगळ्या प्रथिनांना लागणाऱ्या रंगाने रंगवायचं, दुसरं ०.२ मायक्रॉनच्या नायट्रोसेल्युलोजवर उतरवून डीएनपी-विरोधी, म्हणजे डीएनपीएचची खूण ओळखणाऱ्या, प्रतिपिंडाने.

आणि इथे ती गोष्ट येते जिच्यावरून निम्मे निष्कर्ष उलटे पडू शकतात. समजा एका स्पॉटची ब्लॉटवरची तीव्रता आजारी मेंदूत ३,००० आणि निरोगी मेंदूत १,८०० आली. डोळ्यांना आजारी ब्लॉट सरळ काळा दिसतो. आता रंगवलेल्या जेलवर तोच स्पॉट बघा: आजारी मेंदूत १,५००, निरोगीत ६००. भागाकार केला की आजारीचं उत्तर २ आणि निरोगीचं ३. प्रथिन वाढलंय, त्यातल्या प्रत्येक रेणूमागचं ऑक्सिडेशन उलट घटलंय. हा निव्वळ कागदावरचा खेळ नाही. अल्झायमरमध्ये न्यूरॉन मरतात, ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी वाढतात आणि त्यांच्यासोबत त्यांच्यातलं जीएफएपी हे प्रथिन वाढतं. त्याचा स्पॉट ब्लॉटवर गडद होणारच. म्हणून विशिष्ट कार्बोनिल, म्हणजे ब्लॉट भागिले जेल, हाच आकडा मांडायचा. दोन्ही मोजमापं रेषीय पट्ट्यात असावीत हेही ओघाने आलंच. एक्स-रे फिल्मवर पूर्ण काळा झालेला स्पॉट दुप्पट झाला तरी तितकाच काळा राहतो. क्रम मिसळून, कोणता नमुना कुणाचा हे झाकून, आजारी आणि निरोगी दोन्ही एकाच तुकडीत चालवायचे. सोमवारी सगळे आजारी आणि गुरुवारी सगळे निरोगी चालवले तर फरक वारांचा निघेल.

स्पॉट जुळवण्यातही एक खाच आहे. हायड्रॅझोन जोडल्याने काही प्रथिनं पट्टीवर थोडी सरकतात, म्हणून ब्लॉट आणि जेल एकमेकांवर जसेच्या तसे बसत नाहीत. काही प्रयोगशाळा त्यासाठी आधी पट्टीवर प्रथिनं वेगळी करतात आणि मग पट्टीच डीएनपीएचमध्ये बुडवतात. त्यात सरकणं टळतं, पण पार्श्वभूमी वाढते. माझी पसंती दुसऱ्या पद्धतीला, कारण पार्श्वभूमी वजा करता येते, चुकीचा जुळवलेला स्पॉट नंतर सापडत नाही.

जेल टाळून बायोटिन-हायड्रॅझाइडने कार्बोनिलला बायोटिन लावायचं आणि बायोटिनला घट्ट धरणाऱ्या ॲव्हिडिनवर प्रथिनं गोळा करायची, हीही पद्धत चांगली रुळली आहे. पेशीपटलातली आणि कमी प्रमाणातली प्रथिनं त्यात सापडतात, ती जेलवर येतच नाहीत. पण मायटोकॉन्ड्रियात मुळातच बायोटिन असलेली कार्बोक्सिलेज एन्झाइमं आहेत. १३० आणि ७५ किलोडाल्टनच्या आसपास पट्टे दिसले तर आनंदून जाऊ नये. बायोटिन न लावलेला नमुना सोबत चालवला की तेच पट्टे तिथेही चमकतात.

मास स्पेक्ट्रोमीटरकडे जाताना

कापलेला स्पॉट ट्रिप्सिन या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने ३७ अंशांवर रात्रभर पचवायचा. हातमोजे, झाकलेलं टेबल, आणि लोकरीचा स्वेटर प्रयोगशाळेबाहेर, नाहीतर यादीत पहिलं नाव त्वचा-लोकरीतल्या केराटिनचं. मिळालेलं नाव म्हणजे त्या स्पॉटमधलं सर्वांत भरपूर प्रथिन. कार्बोनिल असलेलं प्रथिन तेच असेल असं नाही. एका स्पॉटमध्ये दोन-तीन प्रथिनं बसलेली असणं नेहमीचंच, आणि प्रतिपिंडाला त्यातलं थोडंसंच पण खूप पोळलेलं प्रथिनही दिसतं. म्हणून त्या प्रथिनाच्या स्वतःच्या प्रतिपिंडाने ते अर्कातून ओढून काढायचं आणि त्यावर डीएनपी-विरोधी ब्लॉट करायचा. हे न करता छापलेल्या नावावर मी फार वजन टाकत नाही. एनोलेज तर विशेष. ते मेंदूत इतकं भरपूर आहे की कुठल्याही आजाराच्या द्विमितीय जेलवर बदललेलं सापडतं.

जागा शोधायची असेल तर वस्तुमानातली वाढ पाठ हवी. एचएनईची जोड १५६.१, बोरोहायड्राइडने स्थिर केल्यावर १५८.१. स्थिर केलं नाही तर ही जोड गरम करताना किंवा यंत्रात तुकडे होताना निसटते. मात्र स्थिर केलेला नमुना डीएनपीएचला दिसत नाही, तेव्हा भाग आधीच वेगळे करायचे. एचएनई लायसिनवर बसलं असेल तर ट्रिप्सिन तिथे कापत नाही, म्हणून शोधात न कापलेल्या जागांची मुभा वाढवावी लागते. नायट्रोटायरोसिन ४४.९८५. ते माल्डी या लेझरवर चालणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ३३७ नॅनोमीटरच्या लेझरने फुटतं आणि १६ व ३२ कमी असलेली शिखरं सोबत उमटतात. अनोळखी माणूस त्यांना वेगळं काहीतरी समजतो. त्यासाठी लेझरऐवजी द्रावण फवारणारा इलेक्ट्रोस्प्रे बरा. ब्लॉटवर नायट्रोटायरोसिनची खात्री करायची सोपी परीक्षा म्हणजे ताजं सोडियम डायथायोनाइट: नायट्रो गटाचा अमाइन होतो आणि खरा डाग पुसला जातो. न पुसलेला डाग प्रतिपिंडाचा स्वतःचा. मिथिओनिनवरची १५.९९५ ची वाढ एकटी दिसली तर मी ती आजाराच्या खात्यात टाकत नाही. ती हवेतही होते, जेलमध्येही.

एवढं झाल्यावर यादी वाचायला घ्यावी. अल्झायमरमध्ये सापडलेल्या नावांत एनोलेज, क्रिएटिन कायनेज, ट्रायोजफॉस्फेट आयसोमरेज, एटीपी सिंथेज ही ऊर्जेची माणसं आहेत, आणि पेट स्कॅनवर याच आजारात पार्श्विक-शंखास्थी (पॅरायटल-टेम्पोरल) भागात ग्लुकोजचा वापर घटलेला दिसतो. ग्लुटामिन सिंथेटेज ॲस्ट्रोसाइटमध्ये ग्लुटामेट निकामी करतं. ते मंदावलं की न्यूरॉनभोवती ग्लुटामेट साचतं. यूसीएच-एल१ हे मोडीत काढायच्या प्रथिनांवर खूण करणाऱ्या युबिक्विटिनचं चक्र चालू ठेवतं. पिन१ हिप्पोकॅम्पसमध्ये पोळलेलं सापडलं, आणि ते अल्झायमरमध्ये साचणाऱ्या, फॉस्फेट लागलेल्या टाऊ प्रथिनाला वळवतं. एनोलेज, ग्लुटामिन सिंथेटेज आणि पिन१ तर अल्झायमरच्या आधीच्या, सौम्य स्मृतिक्षीणतेच्या टप्प्यातल्या हिप्पोकॅम्पसमध्येही सापडली आहेत. सुसंगती दिसते, पण कार्बोनिल आहे म्हणजे एन्झाइम बंद पडलं असं होत नाही. दहातला एक रेणू बिघडला तर दहातलं एकच काम कमी होईल. म्हणून त्याच ऊतीच्या अर्कात एन्झाइमचं काम मोजावंच लागतं.

एनोलेजचं काम मोजायला फारसं काही लागत नाही. २-फॉस्फोग्लिसरेट द्यायचं आणि फॉस्फोइनोलपायरुव्हेट बनताना २४० नॅनोमीटरवर वाढणारं शोषण क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये नोंदवायचं. काच किंवा साधं प्लास्टिक त्या तरंगलांबीला आंधळं. मात्र एनोलेजला मॅग्नेशियम लागतं, आणि ऑक्सिडेशन रोखायला आपण सुरुवातीला घातलेलं डीटीपीए तेच बांधून बसतं. त्या अर्कात आजारी आणि निरोगी दोन्ही नमुने सारखेच मंद दिसतील. तेव्हा मेंदूचा तुकडा कापतानाच, डीटीपीएचं बफर लावण्याआधी, या मोजणीसाठी वेगळा तुकडा बाजूला काढावा. तो डीटीपीएशिवाय घोटून थंडगार ठेवावा आणि त्याच दिवशी, जास्तीचं मॅग्नेशियम घालून मोजावा.